खालून तुम्ही थांबा म्हणालात

हमीदभाई,

यंदा दोऱ्या मी एकटीनं तपासल्या. पोळ्यानंतरच्या रविवारी शाळेच्या हॉलमधल्या सतरंज्या गुंडाळून ठेवल्या, उडायचे तिन्ही कापडी पंख एकेक करून फरशीवर पसरले आणि प्रत्येक दोरी दोन बोटांत धरून वरपासून खालपर्यंत ओढत गेले. दरवर्षी आपण दोघं हे काम दोन रविवारांत उरकायचो. मला चार लागले. एका पिशवीचा कोपरा उंदरानं कुरतडला होता, पण आतला पंख शाबूत आहे. पाठीवर बांधायची मोटार मी उघडलीच नाही. तिच्यातलं मला कळत नाही, आणि मी कळून घेत नाही, यावरून तुम्ही माझ्याशी पुष्कळ भांडून घेतलंय.

तुमची बातमी मला शाळेत फोनवर कळली. मधली सुट्टी होती. तुम्ही दुकानात नेकनूरच्या एका माणसाचा फवारणीचा पंप उघडून बसला होता, त्याला म्हणालात, "जरा पाणी द्या," आणि त्यानं तांब्या आणेपर्यंत सगळं झालं होतं. इतकी वर्षं लोक मला विचारायचे, बाई, तुम्हाला नाहीतर हमीद मिस्त्रीला एक दिवस वरून पडून काही व्हायचं. तुम्ही स्टुलावर बसल्या बसल्या गेलात, जमिनीपासून हातभर उंचीवर. कब्रस्तानात बायका जात नाहीत, म्हणून मी घरात झुबेदाभाभींजवळ बसले. आपला जुना विद्यार्थी मन्मथ काठी टेकत माती द्यायला गेला. तो जाताना मी खिडकीतून पाहिला, आणि मला काय करायचं आहे ते मला तिथंच समजलं. पण ते करायला मला चाळीस दिवस लागले.

आधी जे आपल्या दोघांचं आहे ते बोलते.

मी कामशेतच्या डोंगरात उडायला शिकून एक जुना पंख घेऊन बीडला परतले, तेव्हा या गावात कुणालाच हे प्रकरण माहीत नव्हतं. शाळेच्या मैदानावर पंख उभा करायचा सराव करताना अंगाला बांधायच्या हार्नेसचं एक बक्कल अडकलं. ते मी तुमच्या दुकानात आणलं. तुम्ही डिझेल इंजिन आणि पाठीवरचे पंप दुरुस्त करायचे. बक्कल, पट्टा, खटका यांत तुमचा हात बसलेला होता एवढीच माझी माहिती.

"ह्ये कशाचं हाय, बाई?"

"उडायचं."

"कशानं उडायचं?"

"वाऱ्यानं."

"आन् इंजिन?"

"इंजिन नसतं."

तुम्ही पाना खाली ठेवला, दुकानाच्या पायरीवर बसलात आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मला राग आला होता. बक्कल मात्र तुम्ही असं केलंत की ते अजून चालतंय. पुढच्या रविवारी तुम्ही सायकल मारत घाटातल्या त्या बोडक्या डोंगराखाली येऊन थांबलात. मी वरून पळत सुटले, पंख भरला, पाय सुटले आणि तीन मिनिटांत तुमच्यासमोरच्या पडीक रानात उतरले. तुम्ही हसला नाहीत. पंखाजवळ येऊन हात लावून म्हणालात, "कपडाच हाय की वो निसता." आणि मग हळूच, "मला येईल का?"

चाळिशीतला माणूस, दोन पोरांचा बाप, दहा दिवस दुकान बंद ठेवून तुम्ही कामशेतला गेलात. तिथं तुमच्याबरोबर पुण्याचे इंजिनिअर होते, कॉलेजची मुलं होती. शिकवणाऱ्यांनी नंतर मला फोनवर सांगितलं, सगळ्यांत भित्रा तुमचा माणूस, आणि सगळ्यांत नीट उडतो तोच. तुमची वही मी पाहिली आहे. उजवीकडून डावीकडे लिहिलेली, मधेमधे वाऱ्याच्या बाणांच्या आकृत्या. मला उर्दू वाचता येत नाही, पण बाण वाचता आले.

त्या भीतीचं तुम्ही पुढं शिकवण्याचं साधन केलंत. डोंगरावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "पोटात गोळा आलाय का?" तो छाती काढून "नाही" म्हणाला की तुम्ही त्याचं हार्नेस सोडायला लागायचा. "मग आज बसा. आज तुमी बघा निसतं." माझ्या हाताखाली शिकलेल्यांपेक्षा तुमच्या हाताखालचे हळू शिकायचे. ते जास्त दिवस उडत राहिले हेही खरं. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही, आज म्हणते.

आपलं वर्ष शेतकऱ्याच्या वर्षासारखंच होतं, फक्त पीक दिसत नव्हतं. दसरा झाला की वारा फिरायचा. दिवाळीनंतर तो उत्तरेकडून, ईशान्येकडून सरळ डोंगराच्या तोंडावर यायचा, थंड आणि शहाणा. माघ संपेपर्यंत आपले सगळे रविवार डोंगरावर जायचे. मी वर, तुम्ही खाली उतरायच्या रानात, मधे वॉकीटॉकी. होळीनंतर रानं तापायची आणि दुपारच्या आत वावटळी उठायच्या. मग डोंगर बंद करून आपण सपाट रानात यायचो आणि पहाटे तासभर तुमची मोटार. पावसाळ्यात सगळं गुंडाळून हॉलमध्ये.

ती मोटार मला कधीच आवडली नाही. पुण्याच्या एका हौशी डॉक्टरनं दोनदा आपटून विकायला काढलेली, तुम्ही ती तीन महिने उघडून-जोडून माणसात आणलीत. पाठीवर इंजिन, मागं पंखा, भोवती जाळी. पहिल्यांदा ती पाठीला लावून उभे राहिलात तेव्हा मी म्हणाले, एवढा आवाज करत जायचं तर स्कूटरवर जा की.

"बाई, तुमच्याजवळ डोंगर हाय म्हणून तुमी बोलायलाव. माजलगावच्या, गेवराईच्या माणसानं उडायचं न्हाई का? त्यानं डोंगर कुठून आणावा?"

"इंजिन बंद पडलं म्हणजे?"

"मग तुमी शिकवलेलं कामाला येतंय की. त्याच्यासाठीच तर आधी तुमच्याकडं पाठवतो सगळ्यांना."

तरी मी वाद सोडला नाही. त्या वर्षांत गावात रोज काहीतरी नवं येत होतं, गल्लोगल्ली केबल, चौकाचौकात पिवळे एस.टी.डी. बूथ, टपऱ्यांवर नव्या रंगाच्या थंड पेयाच्या बाटल्या. त्यातल्याच एका बाटलीवाल्यांनी नारायणगडच्या जत्रेत तुम्हाला त्यांचा कापडी फलक मागं बांधून उडायला लावलं. गडाखालच्या रानावरून, माणसांपासून लांब, तुम्ही तीन फेऱ्या मारल्या. फलक उलटा बांधलेला निघाला. हजारो लोकांनी माना वर करून ते पाहिलं आणि कुणालाही वाचता आलं नाही. तुम्ही उतरलात तेव्हा कंपनीचा माणूस रडकुंडीला आला होता आणि तुम्ही त्याला समजावत होता, "साहेब, लोकायनी बघितलं का न्हाई? मग."

आणि कपिलधारवरचा तो एक जानेवारीतला रविवार. विद्यार्थी लवकर गेले होते, वारा अजून होता, म्हणून आपण दोघं एकदमच उडालो. तसं आपण फार कमी उडालो, एकजण नेहमी जमिनीवर लागायचा. खाली देवळाचं शिखर, कुंडाजवळ धुणं वाळत घातलेलं, आणि तुम्ही माझ्या उजवीकडे, इतके जवळ की आवाज पोचावा. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलाल. तुम्ही ओरडलात, "बाई, भूक लागली!" मी हवेत एकटीच हसत बसले.

आता त्या दिवसाचं.

होळीला चार दिवस होते. खरं तर तो रविवार धरायलाच नको होता. आदल्याच आठवड्यात तुम्ही म्हणाला होता, आता डोंगर बंद करू. मी म्हणाले, एक रविवार अजून. मन्मथचं एकट्याचं पहिलं उंच उड्डाण राहिलं होतं. त्याच्या वडिलांचं पेठेत किराणा दुकान. रविवार सोडला तर त्याला सुट्टी नाही, आणि तीन रविवार तो डोंगरावर येऊन वाऱ्याअभावी परत गेला होता. मी वर होते, तुम्ही खाली. दहा वाजत आले होते. वर वारा सरळ होता, मऊ होता. मन्मथ बांधून तयार, मागं पंख पसरलेला, छातीला त्याची वॉकीटॉकी. माझ्या हातातल्या वॉकीटॉकीत तुमचा आवाज आला.

"बाई, थांबा. खाली वावटळ उठायलीय. थांबा जरा."

मी खाली पाहिलं. मला कुठंही धूळ दिसली नाही. दिसली नाही हे खरं आहे, पण त्या क्षणी मनात आलं तेही खरं आहे, आणि ते तुम्हाला मी आज पहिल्यांदा सांगते. मनात आलं की या माणसाला उडायला मी शिकवलं आणि हा मला थांबायला सांगतो. डोंगर बंद करायच्या गोष्टीवरून मी आठवडाभर तुमच्यावर चिडले होते. मी बटण दाबून म्हणाले, "वर वारा सरळ आहे," आणि बटण सोडून मन्मथला म्हणाले, "पळा."

तो सुंदर निघाला. पाच मिनिटं सगळं ठीक होतं. उतरायच्या रानावर दोन मजल्यांइतक्या उंचीवर आला असेल, तेव्हा बाजूच्या नांगरटीतून वावटळ उठून त्याच्या खालून गेली. पंखाची एक बाजू मिटली. तुम्ही धावताना दिसलात मला वरून. तो बाभळीत पडला, बाभळीतून जमिनीवर. मी डोंगर कसा उतरले ते आठवत नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पोलिसांचा जमादार वही घेऊन आला. आत डॉक्टर मन्मथच्या मांडीचं आणि खुब्याचं हाड मोडल्याचं सांगत होते. जमादारानं विचारलं, "सोडा कोण म्हणलं?"

मी तोंड उघडलं होतं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "खालून मीच सोडा म्हणलो, साहेब. बाई वर होत्या, त्यांना खालचं काय दिसणार?" आणि मग माझ्याकडे वळून, "बाई, मन्मथच्या आईला फोन करा. भाईर बूथ हाय. जा."

मी गेले. बूथमध्ये उभी राहून त्याच्या आईशी बोलले, तिचं रडणं ऐकलं, परत आले. तोवर तुमचा जबाब लिहून झाला होता आणि तुम्ही सही करत होता. मी एवढंच म्हणू शकले असते की थांबा, हे खरं नाही. ते मी म्हणाले नाही. शाळेत मला कायम करण्याची फाईल तेव्हा संस्थेपुढं होती. घरात आई आणि शिकणारा भाऊ. "बाई पोरींना शिकवायचं सोडून डोंगरावरून उड्या मारतात" असं म्हणणारे संस्थेत दोघं तरी होते. हे सगळं तुम्हाला माहीत होतं, मीच सांगितलं होतं.

अपघात म्हणून कागद मिटला. पण गावात कागद कोण वाचतं? हमीद मिस्त्रीनं वाण्याचं पोरगं पाडलं, एवढंच राहिलं. काहींनी त्यात तुमची जात आणली. पेठेतले पंप तुमच्याकडे येईनासे झाले. मन्मथचे वडील दुकानाच्या दारात उभे राहून तुम्हाला वाट्टेल ते बोलले आणि तुम्ही पाना हातात धरून ऐकून घेतलंत. हे मला समोरच्या दुकानदारानं सांगितलं. पुढचे दोन हिवाळे तुम्ही डोंगरावर आला नाहीत. म्हणालात, लोकांना मी नको वाटतो, विद्यार्थी येणार न्हाईत. मी एकटीनं शिकवलं. अपघातानंतरच्याच जूनमध्ये मी शाळेत कायम झाले, तेव्हा तुम्ही पेढे घेऊन घरी आलात. मी एक हातात घेतला आणि तो तसाच बराच वेळ हातात राहिला.

आणि नसरीन. तुमची नसरीन तेव्हा आठवीत होती, आमच्याच शाळेत, माझ्याच खेळाच्या तासाला. मैदानावर मुली तिला म्हणाल्या, "तुझ्या अब्बानं माणूस पाडला." मी दहा पावलांवर उभी होते. मी शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "खेळाकडे लक्ष द्या." नसरीननं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल बाई आपली बाजू घेतात. हमीदभाई, बाकी सगळ्याला मी काही ना काही कारण देत आले. याला देता आलं नाही.

मी बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दर पावसाळ्यात हॉलच्या फरशीवर समोरासमोर बसलो की मी सुरुवात करायचे, "हमीदभाई, त्या दिवशीचं..." आणि तुम्ही एखादी दोरी पुढं करायचात. "हिची शिवण बघा, बाई. उसवायलीय." एकदा मी दोरी बाजूला सारली. तेव्हा तुम्ही सरळ म्हणालात, "झालं ते झालं. आता सांगून तुमची नोकरी जाईल, माझं काय परत येईल?" मला वाटायचं तुम्ही मोठ्या मनाचे आहात. आता वाटतं मला ते सोयीचं होतं म्हणून मी तुम्हाला मोठ्या मनाचे करून टाकलं. मोठ्या मनाच्या माणसाचं देणं लागत नाही, त्याचे आभार मानले की झालं.

तुम्ही डोंगरावर परत आलात तेव्हा एकच अट घातलीत. दोघांतल्या एकानं थांबा म्हटलं की कुणी उडायचं नाही, का म्हणून विचारायचंसुद्धा नाही. मी हो म्हणाले. त्यानंतर एकाही विद्यार्थ्याचं बोटसुद्धा मोडलं नाही.

तुम्ही गेल्यावर आठवड्यानं मी मन्मथच्या दुकानात गेले. आता दुकान तोच बघतो. गिऱ्हाईक संपेपर्यंत मी पोत्यांजवळ उभी राहिले. मग म्हणाले, "मन्मथ, त्या दिवशी हमीदभाईंनी खालून थांबा म्हटलं होतं. तुला सोडलं ते मी."

त्यानं तराजूतलं माप उचलून ठेवलं आणि म्हणाला, "मला माहीत हाय, बाई."

मला समजेना. जबाबात त्यानं मला काही आठवत नाही असं लिहून दिलं होतं, आणि मी ते आनंदानं खरं मानलं होतं.

"माझ्या छातीवर बी वॉकीटॉकी होती की," तो म्हणाला. "भाई बोलले ते मी ऐकलं. तुमी पळा म्हणलात. मला बी उडायचंच होतं. तीन रविवार वाट बघितलेली. मी थांबलो असतो तर तुमी काय ढकलणार होता का?"

मग त्यानं उरलेलं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्याच्या खाटेजवळ गेलात. विचारलंत, "तुमी बी ऐकलं ना?" तो हो म्हणाला. तुम्ही म्हणालात, "मग आपण दोघं गप बसू. बाईंची नोकरी हाय. माझं दुकान कुणी काढून घेणार न्हाई." आणि दोघं गप बसलात. त्याचे वडील तुमच्या दारात ओरडत होते तेव्हाही तो गप बसला. "ते लई वाईट झालं," तो म्हणाला. "मी बापाला सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं असतं तर म्हणाले असते, ऐकून बी पळालास? मला बी माझं झाकायचंच होतं, बाई."

मी दुकानातून निघाले ती तुमच्यावर चिडून. खरं सांगते. दोघा पुरुषांनी एका खाटेजवळ माझ्याबद्दल ठरवलं, मला न विचारता, आणि मी इतकी वर्षं त्या ठरावाखाली राहिले. मला का विचारलं नाही? बार्शी नाक्यापर्यंत मी हेच म्हणत चालले. नाक्यावर उत्तर सापडलं. मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं? मी काहीच म्हटलं नसतं. तुम्ही मला ओळखत होता. मी गप्प बसणार हे मला माझ्या तोंडानं ठरवायला लागू नये, म्हणून तुम्ही विचारलं नाही. मला फोन करायला बाहेर पाठवलंत. हे उपकार आहेत की नाही, मला अजून ठरवता येत नाही. तुमच्याशी भांडून ठरवलं असतं.

चाळिसाव्याला मी तुमच्या घरी गेले. बाहेरच्या अंगणात पुरुष बसले होते, तुमचे भाऊ, पेठेतले चार-सहा दुकानदार, मन्मथही होता. आत बायकांचं जेवण उरकलं होतं. मी भाभींना म्हणाले, मला बोलायचंय. मागच्या खोलीत शिवणाच्या मशीनजवळ बसून मी सगळं सांगितलं. वावटळ, माझा राग, पळा म्हणाले ते, व्हरांडा, बूथ.

सांगून झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "तो बाभळीत फाटलेला पंख माझ्याकडंच आणलता शिवायला. याच मशीनवर शिवला. शिवताना मी त्यांना किती बोलले तुला म्हाईत हाय? म्हणलं, तुमच्या हौसेपायी परक्याचा पोरगा लंगडा झाला. म्हणलं, अल्लाला काय जवाब देणार? ते कपडा ताणून धरायचे आन् म्हणायचे, हौ, चूक झाली. मला पण हौ म्हणले, बाई. मला पण सांगितलं न्हाई."

मी मान खाली घातली.

"आन् तू आता सांगतीस. ते असताना सांगितलं असतंस तर मी माझं बोललेलं परत घेतलं असतं."

त्या उठल्या, नसरीनला हाक मारली. नसरीन आता डी.एड. झाली आहे, गेवराईकडच्या शाळेत शिकवते. भाभी तिला म्हणाल्या, "बाईला भाईर घेऊन जा. मला सांगितलं ते सगळ्यांसमोर सांगू दे. पेठवाले बसलेत तवरच."

मी अंगणात उभी राहिले. मैदानावर दोनशे मुलींना ओरडून कवायत शिकवणारी मी, माझा आवाज पहिल्या वाक्याला फुटला. मग लागला. मी पहिल्यापासून सांगितलं. मन्मथ मधेच काठी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई खरं बोलायल्यात. मी बी ऐकलतं." तुमचे मोठे भाऊ डोळे पुसत आत गेले. पेठेतला एकजण म्हणाला, आता जुनं कशाला उकरता, माणूस गेला. भाभी दाराच्या पडद्याआडून म्हणाल्या, "उकरू द्या. तुमीच पुरलं होतं."

जाताना नसरीन दारापर्यंत आली. ती म्हणाली, "बाई, त्या दिवशी मैदानावर तुमी शिट्टी वाजवली होती."

"हो."

"मी घरी येऊन अब्बाला सांगितलं होतं, बाईंनी माझी बाजू घेतली म्हणून. अब्बा लई खुश झाले होते."

ती एवढंच बोलली आणि आत गेली. रागानं म्हणाली का, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांना सगळं लिहून दिलं. संस्था काय करायचं ते करील. दसरा आठ दिवसांवर आलाय. यंदा सात नावं आली आहेत, त्यात दोन मुली. खालच्या रानात उभं राहायला मन्मथ येतो म्हणाला आहे. त्याला वर चढवत नाही, पण खालून वारा वाचता येतो. मोटारीचं काय करायचं ते भाभी ठरवतील.

सांगून टाकलं की हलकं वाटतं, असं लोक म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. काल बाजारात भाजी घेताना एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, "ते तुमच्याबरोबरचे मिस्त्री वारले म्हणे. त्यांच्याच हातून तो अपघात झालता ना?"

मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "नाही. माझ्या हातून झाला होता."